काळी साल

"हात नका लावू ताई. आधी नुसतं बघा," यल्लप्पा म्हणाला, आणि त्यानं गोणपाटाचं शेवटचं टोक बाजूला सारलं.

शेडच्या फरशीवर परातीएवढा दगड होता. त्यावर चाळीसेक टोकं उभी. काही अंगठ्याएवढी, काही मुठीएवढी. सगळी काळी. तव्याची खालची बाजू असते ना, तशी जरा तेलकट झाक असलेली काळी. एका कोपऱ्यातल्या टोकावरची साल मात्र पहारीच्या धक्क्यानं उडाली होती आणि आतून रंग दिसत होता. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतो, तो रंग.

"कुठली विहीर?" मी विचारलं.

"खालच्या अंगाची. पंचेचाळीस फुटांवर पोकळी लागली. हात घातला तर गार लागलं. नऊ दिवस लागले सोडवायला. एक टोक मोडलं न्हाई."

हे १९९१ सालचं. अजिंठ्याच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्यालगत अरविंद कुलथे यांची पत्र्याची शेड होती. आमच्या भागातल्या काळ्या कातळात विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना अशा पोकळ्या लागतात आणि त्यांत स्फटिक वाढलेले असतात. कुलथेशेठ ते विकत घेत, साफ करून परदेशी गिऱ्हाइकांना विकत. मी कुमुद खैरनार, वय चोवीस, रसायनशास्त्राची पदवीधर. एका कॉलेजात वर्षभर हंगामी नोकरी केली, ती सुटल्यावर इथं लागले. दगड साफ करणं हे माझं काम. हाताखाली चार बाया होत्या, आणि यल्लप्पा विटकर होता.

यल्लप्पा पन्नाशीचा, मूळचा सोलापूरकडचा वडार. त्याचा जन्म विहिरी खणण्यात गेला होता. दगड कुठं फुटेल आणि कुठं फुटणार नाही हे तो बोटांनी वाजवून सांगायचा. पहिल्या महिन्यात मी त्याला 'यल्लप्पा' म्हणायला कचरत असे, तर तोच म्हणाला, "नावानं हाक मारा की. शिकलेल्या माणसानं नाव घेतलं तर बरं वाटतं." माझ्या शिक्षणाचा त्याला फार आदर. शेडमध्ये कुणी काही विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "ताईला विचारा. ताईला ठावं असतंय."

त्या दिवशी कुलथेशेठ स्कूटरवरून आले, दगडाभोवती फिरले आणि त्या उघड्या टोकापाशी उकिडवे बसले.

"सगळा असा पाहिजे," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी गिऱ्हाईक येतंय. जर्मनीहून. त्याच्यासमोर हा असा गर्द जांभळा ठेवायचा."

"शेठ, ही घाण नव्हं," यल्लप्पा म्हणाला. "चिखल असता तर पाण्यानं गेला असता. ही साल त्याच्या अंगावरच वाढलीय. असू द्यावी."

"आणि विकावं काय? कोळसा?"

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "करून बघते."

आम्ही दगड ऑक्झॅलिकच्या पाण्यात दोन दिवस ठेवला. गंज असेल तर त्यात सुटतो. पाणी पिवळं झालं, साल होती तशीच. मागच्या बाजूला फरशी धुवायचं ॲसिड लावून बघितलं. फेस आला, साल हलली नाही. मग यल्लप्पानं माझ्याकडून दाताच्या डॉक्टरची जुनी सळई मागून घेतली आणि एका टोकापाशी बसला. राईएवढा पापुद्रा काढायचा, फुंकर मारायची, पुन्हा पुढं. दोन दिवसांत त्यानं एक टोक मोकळं केलं. त्यावर एक ओरखडा नव्हता. बाया काम टाकून बघायला आल्या.

शेठही आले. बघून खूश झाले, आणि मग त्यांनी हिशेब केला.

"चाळीस टोकं. म्हणजे ऐंशी दिवस. सोमवार किती दिवसांवर आहे?" ते माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही बी.एस्सी. झालात त्या काय ब्रश मारायला?"

बाया तिथंच उभ्या होत्या. एक खाली बघून हसली. ते हसू मला आजही आठवतं. त्या हसण्यामुळंच मी बोलले.

"एक ॲसिड आहे. काचसुद्धा खातं. ते ही साल खाईल."

"मग आणा."

"कुणालाही देत नाहीत ते."

"ते तुम्ही बघा," शेठ म्हणाले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

मी बघितलं. कॉलेजच्या नावाचे दोन-तीन कोरे कागद माझ्याकडं उरले होते. त्यातल्या एकावर 'प्रयोगशाळेसाठी आवश्यक' असं लिहून मी खाली सही केली. शहरात काचेवर नक्षी कोरणारा एक कारखाना होता. तिथल्या माणसानं चिठ्ठी वाचली, ठेवून घेतली आणि पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन काढून दिला. ओझं उचलायला यल्लप्पा सोबत होता. एसटीत त्यानं कॅन मांडीवर घेतला आणि वरून आपला टॉवेल गुंडाळला.

"एवढ्या मोठ्या कारखान्यात काचेची बाटली न्हाई व्हय?" त्यानं विचारलं.

"काचेत राहत नाही ते. काच खातं."

त्यानं टॉवेलाची गाठ घट्ट केली. "मग दगडाला न्हाई खाणार?"

"थोडाच वेळ ठेवायचं. म्हणजे फक्त साल जाईल."

"आणि किती वेळ, ते त्याला सांगणार कोण?"

मी हसले. तोही हसला. त्या ॲसिडचं नाव मी त्याला सांगितलं, हायड्रोफ्लोरिक. त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही, सोडून दिलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी ते पुष्कळ पाणी घालून पातळ करून वापरलं. साल मऊसुद्धा पडली नाही. शनिवारी शेठ गिऱ्हाइकाला आणायला मुंबईला गेले होते. आठवड्याचा बाजार, म्हणून बायांना सुट्टी. शेडमध्ये आम्ही दोघंच. सकाळी नऊच्या सुमाराला मी प्लास्टिकच्या टबात कॅन ओतला. या वेळी पाणी जवळजवळ घातलंच नाही.

दगड वीस किलोच्या वर होता. मला एकटीला उचलणं शक्य नव्हतं. हातमोज्यांचा एकच जोड होता, घरगुती रबराचा. तो मी यल्लप्पाला दिला. त्याच्या पंजाला तो बसेना. ओढताना अंगठ्याशी फाटला. "ऱ्हाऊ द्या, एवढ्यानं काय हुतंय," तो म्हणाला. आम्ही दगडाला दोरीचा फास घातला आणि दोन बाजूंनी धरून टबावर आणला. खाली सोडताना शेवटच्या वीतभर उंचीवरून माझ्या बाजूची दोरी सुटली.

होय, माझ्या बाजूची.

दगड टबात आदळला आणि ॲसिडची फळी उसळली ती सगळी त्याच्या अंगावर. उजवी मांडी, पोटाचा खालचा भाग, एक मनगट. मी किंचाळले. त्यानं स्वतःच पिंपातून दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं.

"जळतंय का?"

"न्हाई ओ. पाण्यासारखंच हाय."

"पॅंट काढा. आत्ताच्या आत्ता काढा आणि धूत राहा."

तो माझ्याकडं बघून ओशाळला. पन्नाशीचा माणूस. माझ्यासमोर कशी काढणार? "उन्हात उभा राहतो, वाळंल," म्हणाला आणि शेडबाहेर गेला. मी पुन्हा सांगितलं नाही. मलाही लाज वाटली. बाहेर जाऊन पाठ करून उभी राहिले असते, ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकलं असतं. मी स्वतःला म्हटलं, पाणी घेतलंय, बहुतेक निघून गेलं असेल.

दहा-साडेदहाला त्यानं भाकरी सोडली. मलाही अर्धी दिली. साडेअकराला तो उठून येरझाऱ्या घालू लागला. बाराला त्यानं पत्र्याच्या खांबाला मिठी मारली. पूर्वी एकदा विहिरीत पायावर दगड पडला तेव्हा या माणसानं स्वतः बोट जागेवर बसवलं होतं. तो आता बारीक आवाजात, मूल रडतं तसा रडत होता. "हाडात काहीतरी शिरलंय ताई. आतून पोखरतंय."

रस्त्यावरचा एक टेम्पो थांबवून मी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. एक वाजून गेला होता. तिथं एकच डॉक्टर होता, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. आहिरे त्याचं नाव. त्यानं पॅंट कापून काढली. मांडीवर फार काही दिसत नव्हतं. कातडी पांढुरकी पडलेली, कडेला लाली.

"काय पडलं?"

"ॲसिड."

"कोणतं?"

त्या क्षणी मला फक्त ती चिठ्ठी दिसत होती. कारखान्यात खिळ्याला लावून ठेवलेली. खाली माझी सही.

"फरशीचं," मी म्हटलं.

डॉक्टरनं मांडी पुन्हा बघितली. "फरशीच्या ॲसिडनं असं होत नाही. ते पडल्या पडल्या जळतं, डाग दिसतो. याला कधी दुखायला लागलं?"

"दोन-अडीच तासांनी."

"मग हे दुसरं काहीतरी आहे." तो सरळ माझ्यासमोर आला. "नीट आठवा. कशात होतं ते? काचेच्या बाटलीत की प्लास्टिकच्या?"

त्यानं बरोबर प्रश्न विचारला होता. त्या आडगावात, त्या वयात, त्याच्या डोक्यात तो प्रश्न आला होता. आणि उत्तरासाठी तो माझ्याकडं बघत होता.

यल्लप्पा खाटेवरून दातओठ खात म्हणाला, "ताईला विचारा डॉक्टर. ताई शिकलेली हाय. ताईला ठावं हाय."

"काचेच्या," मी म्हटलं.

यल्लप्पानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. तो कॅन त्यानं स्वतःच्या मांडीवर आणला होता. काचेची बाटली का नाही, हेही त्यानंच विचारलं होतं. तो बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

डॉक्टरनं सुस्कारा टाकला. वेदनेचं इंजेक्शन दिलं, मलम लावलं, सलाइन सुरू केलं. जिल्ह्याच्या गावी हलवायला गाडी मागवतो म्हणाला आणि फोन करायला गेला. गाडी दुसरीकडं गेलेली होती. पाचपर्यंत येईल असं कळलं.

मी खाटेशेजारी उभी राहिले. समोर भिंतीला काचेचं कपाट होतं, बाळंतपणाच्या खोलीतलं असावं. त्यात औषधांचे खोके नीट रचलेले. वरून दुसऱ्या फळीवरच्या खोक्यावर नाव छापलेलं होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हे ॲसिड जाळत नाही, ते कातडीतून आत जातं आणि रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि मग काळीज बंद पडतं, हे मला आमच्या सरांनी दुसऱ्या वर्षालाच सांगितलं होतं. त्यावरचा उतारा काय, हेही सांगितलं होतं. परीक्षेत तो प्रश्न आला होता. मी पूर्ण लिहिला होता.

खोका माझ्यापासून चार हातांवर होता.

मी मनाशी म्हणत होते, गाडी येईल. जिल्ह्याच्या गावी मोठे डॉक्टर आहेत, त्यांना आपोआप कळेल. अजून थोडा वेळ थांबू. दुखण्यानं कुणी मरत नाही. एकदा डॉक्टर समोरून गेला तेव्हा मी तोंड उघडलंसुद्धा. त्यानं विचारलं, "काय?" मी म्हटलं, "पाणी देऊ का यांना?"

चारच्या पुढं यल्लप्पाची बोटं आपोआप वळायला लागली. ओठ थरथरू लागले. डॉक्टर धावत आला, नाडी धरली, ओरडून नर्सला बोलावलं. त्यानं छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. पाचला दहा मिनिटं कमी असताना तो थांबला. गाडी बरोबर पाचला आली.

त्याची बायको गिरजाबाई बाजारातून तशीच आली होती, हातात पिशवी. तिनं मला मिठी मारली. "ताई, तुम्ही हुता म्हणून दवाखाना तरी बघितला त्यानं," म्हणाली. पंचनाम्यात पोलिसानं लिहून घेतलं: फरशी धुण्याच्या ॲसिडमुळं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

रविवारी मी एकटी शेडवर गेले. त्या सगळ्या गडबडीत दगड टबातच राहून गेला होता. ॲसिड मारायला टबात आधी चुना ओतला आणि मग बांबूनं दगड उलथून बाहेर काढला. साल गेली होती. खाली जांभळा रंग होता, पण टोकं झिजून बोथट झाली होती, खडीसाखर चोखून तोंडातून काढल्यासारखी. चकाकी म्हणून कुठं उरली नव्हती. यल्लप्पानं मोकळं केलेलं टोक कोणतं, तेही ओळखू येईना.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. उंच, वयस्कर माणूस. त्यानं भिंग काढून दगड बघितला, बोट फिरवलं आणि भिंग पुन्हा खिशात ठेवलं. मग शेठना इंग्रजीत काहीतरी विचारलं. शेठनी मला मराठीत सांगितलं, "विचारतोय, हा काळा असतानाचा एखादा फोटो आहे का." फोटो कुणीच काढला नव्हता. त्यानं दुसरे तीन दगड घेतले आणि गेला. कॅनचं काय झालं, दवाखान्यात काय सांगितलं, हे शेठनी मला त्यानंतर विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "बरं," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं त्यांनी गिरजाबाईला कामावर घेतलं, यल्लप्पाच्या जागी. ती माझ्याशेजारी बसून दगड घासायची. चार वर्षं. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. माझ्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी तिला आवडते म्हणून मी जास्त आणायची. कधीकधी ती त्याच्याबद्दल बोलायची आणि मी ऐकायची. मग माझं लग्न ठरलं, मी नाशिकला गेले, शाळेत लागले. मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. हायड्रोफ्लोरिकचा धडा आला की फळ्याकडं तोंड करून शिकवायची.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, म्हणजे पाच वर्षांपूर्वी, मी तिला शोधून काढलं. फाट्यापासून जवळच्याच वस्तीत लेकीकडं राहत होती. दारात सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला. "ताई! केवढ्या बारीक झाल्या!" लेकीला म्हणाली, चहा टाक. लेक आत गेली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगू शकले नसते. ते फरशीचं ॲसिड नव्हतं. मला नाव ठाऊक होतं, औषध ठाऊक होतं. डॉक्टरनं विचारलं आणि मी खोटं सांगितलं.

तुरीतली तिची बोटं थांबली.

"वाचला असता?"

"बहुतेक."

"बहुतेक नको. वाचला असता का न्हाई?"

"वाचला असता."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तिनं तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तवा शुद्धीवर हुता त्यो?"

"हो."

"तुम्ही बोलला, ते ऐकलं त्यानं?"

"ऐकलं. माझ्याकडं बघितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. डोळे मिटले."

गिरजाबाईनं सूप खाली ठेवलं. "न्हाईच बोलणार त्यो," ती म्हणाली. "तुम्ही काच म्हणला, म्हंजी काचच असंल. आपलंच चुकलं असंल, असं वाटलं असंल त्याला." तिनं पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडे होते. "चार वर्षं, ताई. चार वर्षं तुमच्या डब्यातलं खाल्लं मी."

मी खाली वाकले, तिच्या पायाला हात लावायला. तिनं पाय ओढून घेतले.

"जावा आता," ती म्हणाली.

मी चपला घातल्या. चार पावलं गेले असेन, तेवढ्यात लेक चहाचा कप घेऊन बाहेर आली. "आई, कोण गं त्या? चहा न घेताच निघाल्या?"

"कुणी न्हाई," गिरजाबाई म्हणाली. "शेडवरची एक बाई हाय."